मारातला जांभळ्या छातीचा नीलपंख: शोधायचा कसा, टिपायचा कसा

केनियाहून परतलेल्या कुणाचाही फोन चाळून बघा. सिंह, हत्ती आणि झेब्र्यांच्या गर्दीत एका वाळक्या फांदीवर बसलेला निळा-जांभळा ठिपका हमखास सापडतो. तो हा जांभळ्या छातीचा नीलपंख, इंग्रजीत लायलॅक-ब्रेस्टेड रोलर. फोटो बहुधा एकच असतो, कारण गाडी तिथे जेमतेम अर्धा मिनिट थांबलेली असते. मला ते बघून फार हळहळ वाटते. हा पक्षी दाट पानांत लपत नाही, माणसाची गाडी दिसली म्हणून लगेच पळत नाही, उघड्यावर बसून शिकार करतो आणि पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतो. पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आफ्रिकेत उतरलेल्या माणसाला याच्यापेक्षा सोयीचा रंगीत पक्षी मिळणार नाही. त्याला अर्धा तास द्यायची तयारी मात्र हवी. तो अर्धा तास कसा मिळवायचा आणि त्यात काय करायचं, ते क्रमाने सांगते.

मी केनियातलं मसाई मारा अभयारण्य धरून लिहिते आहे, कारण महाराष्ट्रातून सफारीला जाणारे बहुतेक जण तिथेच जातात. टांझानियातलं सेरेंगेटी किंवा तारांगिरे, बोट्स्वानातलं चोबे, नामिबियातलं एटोशा, दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर, यांपैकी कुठेही गेलात तरी पक्षी हाच आणि पद्धतही हीच.

आधी त्याला नीट ओळखा

शेपटीच्या दोन लांब पिसांसह हा साधारण ३६ सेंटिमीटरचा, वजनाला शंभरेक ग्रॅम. डोकं हिरवट, गाल तांबूस, हनुवटीखाली बारीक पांढरट रेघा, गळा आणि छाती गुलाबीकडे झुकणारी जांभळी, पोट फिकट मोरपिशी, पाठ तपकिरी. बसलेला असताना पंखांचा गडद निळा रंग थोडासाच डोकावतो. पंख उघडले की तोच निळा आणि त्याला लागून आकाशी पट्टा असा काही झळकतो, की तपकिरी पाठीचा पक्षी हाच होता यावर विश्वास बसत नाही. नर आणि मादी सारखेच दिसतात. लहान पिल्लांना शेपटीची लांब पिसं नसतात आणि रंगही मळकट असतात.

घोटाळा होतो तो युरोपियन रोलरशी. तो हिवाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान, युरोप-आशियातून आफ्रिकेत येतो. त्याची छाती निळी असते, जांभळी नसते, आणि शेपटीला ती लांब पिसं नसतात. केनियाच्या उत्तर भागात ॲबिसिनियन रोलर दिसतो. त्याला लांब पिसं आहेत, पण छाती पुन्हा निळीच. म्हणून खूण एकच लक्षात ठेवा: जांभळी छाती आणि लांब शेपटी, दोन्ही एकत्र. कॅम्पच्या अंगणात जेवणाच्या टेबलाभोवती नाचणारा, निळ्या-नारिंगी रंगाचा आणि छातीवर पांढरी रेघ असलेला चपळ पक्षी म्हणजे सुपर्ब स्टार्लिंग. तो आपल्या मैनेच्या कुळातला. नवखे लोक पहिल्या दिवशी त्यालाच रोलर समजतात.

रंगाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. या पिसांतला निळा हा रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर उजेड पडून विखुरतो आणि त्यातून तो निळा तयार होतो. म्हणून सूर्य पक्ष्याच्या मागे असला की हाच पक्षी काळपट दिसतो, आणि सूर्य तुमच्या पाठीशी आला की पेटतो. पुढे गाडी कुठे उभी करायची हे सांगताना मी उजेडाबद्दल इतका आग्रह धरणार आहे, तो यासाठीच.

विमानात बसण्याआधी सराव घरी करा

हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि फार थोडे जण पाळतात. आपला नीलपंख, म्हणजे काही भागांत ज्याला चास किंवा तास म्हणतात आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो, या आफ्रिकी रोलरचा सख्खा चुलतभाऊ आहे. दोघांची जात वेगळी, पण वंश (जीनस) एकच, कोरॅसियस. सवयीही तशाच: तारेवर किंवा खांबावर बसायचं, खाली जमिनीकडे टक लावायची, टोळ दिसला की झेपावायचं आणि परत त्याच जागी यायचं. पावसाळा संपल्यावर पुणे-सोलापूर रस्त्याच्या आजूबाजूच्या माळांवर, मराठवाड्यातल्या शेतांच्या कडेला, विदर्भात गावाबाहेरच्या विजेच्या तारांवर तो दिसतो. जायच्या आधी तीन-चार रविवार सकाळी बाहेर पडा आणि त्याच्यावर हात बसवा. गाडीच्या खिडकीतून फोटो काढायची सवय करा, कारण मारातही तुम्हाला गाडीतूनच काढायचे आहेत. बटणं न बघता शटरचा वेग बदलता आला पाहिजे. हे एकदा अंगवळणी पडलं की केनियात पहिला दिवस चाचपडण्यात जात नाही.

सामान

लेन्स ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी असावी. १००–४०० किंवा १५०–६०० अशी झूम लेन्स सर्वांत उपयोगी, कारण पक्षी कधी गाडीला अगदी चिकटून बसतो आणि झूम न होणाऱ्या मोठ्या लेन्सने मग शेपटी कापली जाते. हिशेब असा: क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ४०० ची लेन्स घेऊन पक्ष्यापासून १५ मीटरवर असाल, तर ताठ बसलेला रोलर चौकटीची निम्म्याहून थोडी जास्त उंची व्यापतो. नवख्यासाठी हे उत्तम अंतर. विकत घेणं जमत नसेल तर मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. लांब झूम असलेला एकसंध कॅमेराही (ज्याची लेन्स बदलता येत नाही तो) चालतो. बसलेल्या पक्ष्याचे त्याने सुंदर फोटो येतात, उडताना मात्र तो मागे पडतो.

ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो अडचणच करतो. त्याऐवजी जाड कापडाची रिकामी पिशवी शिवून घ्या, एका बाजूला चेन लावलेली. तिथे पोचल्यावर त्यात दोन-तीन किलो तांदूळ किंवा घेवडे भरा आणि खिडकीवर किंवा उघड्या छताच्या कडेवर ठेवून लेन्स तिच्यावर टेका. येताना धान्य कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. ती नसेल तर प्रत्येक ठिपका बघायला कॅमेरा उचलावा लागतो आणि तासाभरात हात भरून येतात. मारात धूळ फार, तेव्हा लेन्स गाडीत बदलायची नाही. कॅमेऱ्यावर टाकायला जुना सुती पंचा सगळ्यांत चांगला. केनियातले प्लग ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचे असतात, ॲडॅप्टर इथूनच न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून बॅटऱ्या आणि कार्डं कापडी पिशवीत भरा. मारा विषुववृत्ताजवळ असलं तरी उंचावर आहे, सकाळी सहाला उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. कुडकुडत्या हातांनी फोटो हलतात. स्वेटर न्याच.

पीतज्वराची लस वेळेवर घ्या. तिचं प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि परतताना भारतातल्या विमानतळावर ते विचारतात.

चालकाशी आदल्या रात्री बोला

फोटो हातचे जातात ते बहुतेक वेळा इथे. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही एका समूह सहलीत होतो, एका व्हॅनमध्ये सहा जण. रोलरने समोरच्या वारुळावर मोठा टोळ आणून आपटायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी रेडिओवर बिबट्याची खबर आली. गाडी निघाली. बाकीच्या पाच जणांची चूक नव्हती, त्यांना बिबट्या बघायचा होता. चूक माझी होती, मी आधी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

शक्य असेल तर दोघा-तिघा पक्षीवेड्यांनी मिळून एक दिवस वेगळी गाडी घ्यावी. ते परवडत नसेल तर सहप्रवाशांशी सरळ ठरवा: पहिले दोन तास मोठे प्राणी, मग परतीच्या वाटेवर अर्धा तास पक्ष्यासाठी. बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात, आणि रोलर उडताना एकदा पाहिला की तेच आणखी थांबूया म्हणतात.

चालक गृहीत धरतात की पाहुण्यांना सिंहच हवेत. म्हणून रात्री जेवताना त्यांना रोलरचा फोटो दाखवा, आणि एकच नाही, उडतानाचा फोटो हवाय, थांबावं लागेल, हे स्पष्ट सांगा. त्यांना कुठल्या झाडावर कोणती जोडी बसते हे अनेकदा माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही. स्वाहिलीतले चार शब्द उपयोगी पडतात. ‘न्देगे’ म्हणजे पक्षी (आणि विमानसुद्धा), ‘सिमामा’ म्हणजे थांबा, ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, ‘असांते साना’ म्हणजे खूप आभार. गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर लेन्समध्ये उतरते आणि मग पिसाचा तंतू कधीच स्पष्ट येत नाही.

शोधायचा कुठे

गवताळ माळ आणि तुरळक बाभळी जिथे एकमेकांना भेटतात तिथे. दाट जंगलात नको आणि झाडच नसलेल्या सपाट माळावरही नको. नजर झाडाच्या पानांत घालू नका, झाडाच्या टोकावर फिरवा: वाळका शेंडा, मोडकी फांदी, मेलेलं झाड, वाळवीचं वारूळ, रस्त्याकडेचा खांब. या जागांवर मुठीएवढा, मोठ्या डोक्याचा, ताठ बसलेला आकार दिसला की थांबा आणि दुर्बीण लावा. लांबून रंग कळत नाही, आधी आकार ओळखावा लागतो.

गवताला आग लागलेली असेल किंवा नुकतंच जळून गेलं असेल, तर त्या कडेला नक्की बघा. धुरातून पळणारे किडे टिपायला रोलर तिथे येतात. विणीच्या दिवसांत आवाजावरूनही सापडतो. आवाज मात्र रूपाला अजिबात शोभणारा नाही, खरखरीत आणि कर्कश. तो आकाशातून ऐकू आला तर वर बघा: पक्षी उंच चढतो आणि खाली झेपावताना या कुशीवरून त्या कुशीवर डोलतो. रोलर हे नाव त्यावरूनच पडलं.

हा बारमाही पक्षी आहे, तेव्हा महिन्याची फार चिंता करू नका. मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि रस्ते चिखलाचे होतात. जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टच्या कळपांच्या स्थलांतराचा काळ, गाड्यांची गर्दी. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी चांगले. गर्दी कमी आणि चालकाला घाई नाही.

गाडी उभी करताना: सूर्य पाठीशी, वाराही पाठीशी

संपूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सूर्य पाठीशी का, ते वर आलंच. वाऱ्याचं कारण असं की पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतात. वारा तुमच्या पाठीवर असेल तर रोलर तुमच्या दिशेने उडेल, पंख उघडे, चेहरा समोर. वारा समोरून असेल तर दरवेळी शेपटीचा फोटो मिळेल. वारा कळत नसेल तर गवताचे तुरे बघा, किंवा पक्ष्यालाच बघा. वारा जोरात असेल तेव्हा तो त्याच्याकडे तोंड करूनच बसतो.

सकाळी सूर्य आणि वारा दोन्ही एकाच बाजूला असतीलच असं नाही. तेव्हा उजेडाला आधी मान द्या.

विषुववृत्ताजवळ सूर्य सरळ वर चढतो. साडेसहाला उगवतो आणि नऊ वाजता उजेड कडक झालेला असतो. म्हणून सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा या वेळा रोलरसाठी राखून ठेवा.

रस्ता सोडून गाडी गवतात घालायला सांगू नका, अभयारण्यात त्याची परवानगी नाही. रस्त्यावरच दहा-पंधरा पावलं मागेपुढे झालं की पार्श्वभूमी बदलते. तीस मीटरवरून थेट जाण्यापेक्षा दोन टप्प्यांत जा: थोडं पुढे, थांबा, फोटो घ्या, पुन्हा थोडं पुढे. पक्ष्याने अंग चोरून पिसं आवळली आणि मान ताठ केली तर तो अस्वस्थ आहे, तिथेच थांबा. पिसं फुगवून चोच साफ करायला लागला तर त्याने तुम्हाला मान्य केलं.

बसलेला पक्षी

शटर १/८००, छिद्र एफ ६.३ किंवा एफ ८, आयएसओ स्वयंचलित. फाइल रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल). फोकस डोळ्यावर. मागे पांढरं आकाश असेल तर एक्सपोजर एक पायरी वाढवा, नाहीतर पक्षी काळा येतो. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे आकाश टाळणं. पक्षी ठेंगण्या झुडपावर असेल तर छतातून उभे राहा, मागे गवताचा सोनेरी पडदा येईल. वारुळावर असेल तर खाली बसून खिडकीतून घ्या, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर याल.

कडक उन्हात पोटाचा मोरपिशी रंग चटकन पांढरा पडतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही रंगांचा आलेख बघा, निळ्याची रेघ उजव्या भिंतीला आपटली असेल तर एक्सपोजर किंचित उतरवा.

उडणारा पक्षी

आता खरा अर्धा तास. बसलेले फोटो मिळाले म्हणून निघू नका. शटर १/२५०० किंवा १/३२००, सलग फोकस, सलग चित्रं. झूम थोडं मागे घ्या, कारण उघडलेले पंख बसलेल्या पक्ष्याच्या दुपटीहून जास्त जागा मागतात. मी सुरुवातीला १/८०० वरच ठेवून उडताना काढत राहिले आणि एका अख्ख्या सकाळच्या फोटोंत पंख धुरकट आले. बसलेल्यासाठी एक आणि उडण्यासाठी एक, अशा दोन मांडण्या कॅमेऱ्याच्या बटणांवर आधीच साठवून ठेवा.

झेपेआधी तो सांगतो. डोकं एकाच बिंदूवर स्थिर होतं, अंग पुढे झुकतं, कधी आधी विष्ठा टाकतो, पाय किंचित वाकतात. अंग झुकलं की बोट दाबा, पंख उघडायची वाट बघत बसलात तर पक्षी चौकटीबाहेर गेलेला असतो. आणि एकदा उडाला की त्याच्यामागे लेन्स फिरवण्यापेक्षा मला दुसरी रीत जास्त लाभली. लेन्स त्याच फांदीवर ठेवायची आणि परत यायची वाट बघायची. तो येतो तेव्हा उतरताना वेग कमी करायला पंख पूर्ण पसरतो, शेपूट पंख्यासारखी उघडते, आणि तुमचा फोकस त्या अंतरावर आधीच लागलेला असतो.

परत आला की बोट काढू नका. चोचीत टोळ असतो, कधी विंचू, कधी सरडा. फांदीवर तो त्याला एका बाजूने आपटतो, मान वळवून दुसऱ्या बाजूने आपटतो, पाय आणि पंख तुटून खाली पडतात. मग टोळाचं डोकं घशाच्या दिशेने येईल असा चोचीत फिरवतो, हवेत किंचित उडवतो आणि गिळतो. टोळ चोच आणि हवेच्या मध्ये असतो तो क्षण अर्ध्या सेकंदाचाही नाही. सलग चित्रांत तो एखादाच सापडतो, पण सापडला की त्या सहलीतला तुमचा सर्वांत आवडता फोटो तोच ठरतो.

हे करू नका

उडावा म्हणून टाळ्या वाजवणं, गाडीवर थाप मारणं, खडा फेकणं, मोबाइलवर त्याचा आवाज लावणं, यातलं काहीही नको. चालकाने बक्षिसाच्या आशेने तसं केलं तर नम्रपणे थांबवा. रोलर झाडातल्या ढोलीत घरटं करतात, बहुधा सुतार पक्ष्याने सोडून दिलेल्या. पक्षी चोचीत किडा धरून बराच वेळ एका जागी ओरडत बसला असेल आणि खाली जात नसेल, तर जवळ ढोली आहे आणि तुम्ही तिच्या वाटेत आहात. गाडी मागे घ्या. आणि फोटोच्या नादात गाडीतून खाली उतरायचं नाही, गवतात काय बसलंय ते आपल्याला दिसत नसतं.

रात्री कॅम्पवर

वीज ठरावीक तासच असू शकते, आल्याबरोबर बॅटऱ्या लावा. फोटो दोन ठिकाणी उतरवा. निवडताना आधी डोळा बघा, स्पष्ट नसेल तर कितीही सुंदर पंख असले तरी फोटो बाजूला काढा. रंगाची तीव्रता वाढवू नका. हा पक्षी मुळातच इतका रंगीत आहे की थोडं वाढवलं तरी खोटा वाटतो आणि छातीवरच्या जांभळ्याच्या बारीक छटा एकमेकांत मिसळून जातात.

झोपण्याआधी त्या झाडाची जागा फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. रोलर आपापला इलाखा राखून असतात, तेव्हा उद्या सकाळी तो बहुधा तिथेच भेटेल. आज वारा उलटा होता, की उजेड उशिरा आला, की झेप डावीकडेच जात होती, हे दोन ओळींत लिहून ठेवा, आणि सकाळी सहाला गाडीत बसताना चालकाला तीच खूण दाखवा.